अंगावर ओरखडा नाही

दिवा हिरवा झाला आणि गाडी हलली नाही. एवढंच झालं. मोठीबाई शेजारच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने दिवा पाहिला, पुढच्या गाड्या सुटलेल्या पाहिल्या, मग मुलाकडे पाहिलं. दोन्ही हात चाकावर, मान ताठ, डोळे उघडे. समोर ओळखीचा माणूस उभा असावा आणि त्याचं नाव काही केल्या आठवू नये, तसा तो त्या हिरव्या दिव्याकडे बघत होता. मागून भोंगे सुरू झाले, आधी एक, मग गल्लीतली कुत्री एकमेकांचं ऐकून भुंकतात तसे सगळे. "अरे, चल की," ती म्हणाली. त्याने मान वळवली, तिच्याकडे बघून छान हसला आणि म्हणाला, "हो, हो." गाडी सुटली. पुढचा चौक आला. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आई, डावीकडेच ना?" "डावीकडे. दवाखान्यात चाललोय आपण, दाखल्याला." "माहीत आहे गं. रस्ता विचारला, जाब नाही विचारला." तिचं उत्तर जिभेच्या शेंड्यावर तयार होतं. तिने ते गिळलं. उत्तरं गिळायची तिला सवय नव्हती. उभ्या जन्मात तिने दुसऱ्यांनाच गिळायला लावली होती, आणि ती सगळी त्यांना पचलीही होती. आता गेल्या वर्षभरात तिच्याच पोटात इतकी साठली होती, की कधीकधी जेवायला बसलं तरी घास उतरत नसे.

दाखला हवा होता शाळेच्या बससाठी. बस चालवायची नोकरी, सकाळी मुलं आणायची, दुपारी सोडायची. ती नोकरी मोठीबाईनेच आणली होती. त्या शाळेचे गणवेश तिच्या दुकानात शिवले जात. निळी चड्डी, निळा फ्रॉक, पांढरे सदरे, खिशावर पिवळा धागा. उन्हाळा आला की पोरं रांगेने यायची आणि ती गळ्यात टेप अडकवून एकेकाला मापाला उभं करायची. "पोट आत घेऊ नकोस रे, शाळेत दिवसभर आत घेऊन बसणार आहेस का?" असं म्हणत कोणाची कंबर किती वाढली, कोणाचा एक खांदा खाली आहे, कोणाला मोठ्या भावाचं उसवून घालायचं आहे, हे सगळं तिला तोंडपाठ. अक्षरओळख जेमतेम सहीपुरती. पण माप एकदा घेतलं की डोक्यात शिवलं गेलं. शाळेच्या हेडबाईंना ती म्हणाली होती, "माझा मुलगा घ्या. पलटणीतला आहे. शिस्तीचा. दारू नाही, विडी नाही, तोंडात शिवी नाही." हेडबाई म्हणाल्या, "तुमचा शब्द असल्यावर प्रश्नच नाही, फक्त डॉक्टरांचा दाखला लागेल." तुमचा शब्द. मोठीबाई त्या दिवशी घरी आली ती वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर थांबत थांबत आली.

डॉक्टरांनी निरोप दिला होता, घरातलं कोणीतरी बरोबर आणा, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सूनबाई म्हणाली, "मी जाते." मोठीबाई म्हणाली, "तू दुकान बघ. तुझ्या हातची काजं आजकाल बटणापेक्षा मोठी व्हायला लागलीत, जरा सराव कर." सूनबाईने तिच्याकडे फक्त पाहिलं. त्या बघण्यात बरंच होतं, पण मोठीबाईने ते वाचलं नाही. वाचता येत नसल्याचा एक फायदा असतो, नको ते सोडून देता येतं. आणि उस्तादही, मुलाला सगळे उस्ताद म्हणत, पलटणीतलं नाव घरापर्यंत आलं होतं, उस्तादही म्हणाला, "आईच येईल." जिन्यात तिचा हात धरून हळूच म्हणाला, "तू आहेस म्हणजे झालं." तो हात तिला अजून मनगटावर जाणवत होता. लहानपणी शेजाऱ्याची काच फोडली तेव्हा असाच येऊन तिच्या मागे उभा राहिला होता, काही न बोलता. आणि तिने शेजाऱ्याला असं झाडलं होतं की काचेची भरपाई राहिली बाजूला, तोच उलट माफी मागून गेला होता.

उस्ताद लढाईवर कधी गेला नाही. हे ती गल्लीत आधी जरा खालच्या आवाजात सांगायची, मग सुताराचा मुलगा एक पाय तिकडेच ठेवून परत आला आणि तिचा आवाज चढला. "आमचा शिकवायला होता. गेला तसा आला, अंगावर ओरखडा नाही." सुताराच्या बायकोसमोरसुद्धा म्हणाली, आणि ती बाई म्हणाली, "नशीब हो तुमचं," तेव्हा हिने ते नशीब पदक मिळाल्यासारखं छातीवर लावून घेतलं. त्याचं काम म्हणजे खांद्यावरची तोफ. पोरं तिला नुसती नळी म्हणत. नवी पोरं यायची, थरथरत्या खांद्यावर नळी घ्यायची, आणि उस्ताद शेजारी गुडघा टेकून बसायचा, पोराच्या पाठीवर हात ठेवून. पोरगा आपल्या वाट्याचा गोळा उडवून उठायचा, दुसरा बसायचा, तिसरा बसायचा. पोरं बदलत, पाठी बदलत, हात तोच. प्रत्येक आवाज पोरांच्या वाट्याला एकदा, त्याच्या वाट्याला सगळे. थोड्या वेळाने उस्ताद बदलायचा असा तिथे नियम होता म्हणे, पण बदलीच्या माणसाला हा सांगायचा, "जा रे, चहा पिऊन ये, माझी पोरं मीच बघतो." आणि पोरांचं बोलणं ऐकू यावं म्हणून एका कानातला बोळा काढून ठेवायचा. भ्यालेली पोरं मोठ्याने बोलत नाहीत, त्यांचं ऐकायला कान लागतो, असं तो म्हणे. सुट्टीवर आला की हे सगळं रंगवून सांगायचा: आवाज कानात नाही होत आई, दातात होतो, छातीत होतो, कोणीतरी अख्ख्या अंगावरून दार आपटून बंद करावं तसा. संध्याकाळी नाकातून थोडं रक्त यायचं, पोरं म्हणायची उस्तादांचा नळ गळतोय. तो हसायचा, तीही हसायची.

आणि कानाच्या तपासणीची गोष्ट. ती तर तिने किती जणांना सांगितली असेल. पलटणीत कान तपासायला बसवायचे, कानांवर यंत्र चढवायचे, टिंग वाजलं की बटण दाबायचं. नापास झाला त्याची नळी सुटली, त्याला कोठारात मोजदादीला बसवायचे. मग यांनी काय करावं? पुढची पाळी ज्याची तो मागच्या बाकावर बसायचा. यंत्रातला आवाज बाहेर येत नसे, पण तपासणाऱ्या माणसाची मान दर टिंगला जराशी हलायची. मान हलली की मागचा पुढच्याच्या टाचेला बोटाने टोचायचा. टोचलं, बटण दाबलं. अख्खी तुकडी पास. सगळ्यांचे कान हरणासारखे. मोठीबाई पोट धरून हसली होती. "माझंच पोर," म्हणाली होती. आता गाडीत ते हसू तिला आठवलं, आणि आपण कोणाच्या तरी घरी चुकीच्या प्रसंगाला हसलो असं वाटून तिने खिडकीची काच खाली केली, मग वर केली. बाहेरच्या आवाजाने त्याच्या कपाळावर आठी पडत होती.

घरी आला तेव्हा पहिल्यांदा मशीनच खटकली. वरच्या मजल्यावर दुकान पुढे, घर मागे, चारही शिलाई मशीन दिवसभर चालणार. त्याच आवाजात तो रांगला, त्याच आवाजात झोपला. आता तो मागच्या खोलीत दार लावून, दिवा मालवून, डोक्यावर उशी घेऊन पडायचा. कानात शिट्टी वाजते म्हणायचा, बंदच होत नाही, तुमच्या मशीन थांबल्या की अजून मोठी होते. कधी उभ्या उभ्या भोवंड यायची आणि तो दाराची चौकट धरायचा, जणू घरच हलतंय. बोलता बोलता शब्द हरवायचा, कात्रीला "ते कापायचं" म्हणायचा. एकदा ठकीच्या हातून चमचा पडला, ठकी म्हणजे त्याची मुलगी, शिशुवर्गात जाणारी, तर तो असा ओरडला की पोरीने जागेवरच लघवी केली. मग तोच तिच्यापुढे बसून रडला. सूनबाई म्हणाली, "आई, यांना डोक्याच्या डॉक्टरला दाखवू या. हे पूर्वीचे नाहीत." मोठीबाई म्हणाली, "पूर्वी त्याचं लग्न झालेलं नव्हतं." म्हणाली खरी. मशीनवरच्या दोन्ही बायका हसल्या, सूनबाईचं तोंड पडलं, विषय मिटला. जीभ अशी चालली की मोठीबाईला वाटायचं, आपण जिंकलो. काय जिंकलो ते बघायला ती कधी थांबली नव्हती. लढाईवर गेला नाही त्याला दुखापत कसली? हाड मोडलं असतं, कातडी फाटली असती, तर ती पुढे होऊन शिवायला बसली असती. पण जुन्या कापडाचं तिला ठाऊक होतं: वरून धड दिसतं, इस्त्री केली की नव्यासारखं, आणि सुई घातली की धागा धरतच नाही, आतून विरलेलं. हे ठाऊक असूनही ते मुलाला लावून बघायची तिची तयारी नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दवाखान्याच्या बाकावर ती एकटी बसली. आत त्याला तपासत होते. दार अर्धं उघडं राहिलं होतं, तेवढ्यातून दिसलं: डोळे मिटून एका पायावर उभा आहे, हात पसरलेले, आणि पांढऱ्या कोटातली पोरगी, तिला डॉक्टर म्हणायचं पण वयाने सूनबाईपेक्षा लहान, त्याच्यामागे दोन्ही हात पुढे करून उभी, पडला तर धरायला. ते बघून मोठीबाईला त्या डॉक्टरीणबाईचा राग आला. पडला तर धरायला हात असे पुढे धरले की माणूस पडणारच. मग दार लागलं आणि तिला, नको असताना, तो गुरुवार आठवला. ती तो रोज बाजूला सारत होती, रोज तो परत येत होता. उस्ताद ठकीला शाळेतून आणायला गेला होता. ऊन रणरणत होतं, सूनबाई बाजारात आणि मशीनवरच्या बायका जेवायला गेलेल्या. तो वर आला, किल्ली खिळ्याला अडकवली, खुर्चीत बसला, समोर ठेवलेला चहा उचलला. मोठीबाईने विचारलं, "ठकी कुठंय?" तो म्हणाला, "शाळेत." इतकं सरळ म्हणाला की क्षणभर तिलाही खरं वाटलं. मग दप्तर दिसलं त्याच्या खांद्यावर, ठकीचं, पट्टा छोटा असल्यामुळे काखेत अडकलेलं. ती जिना कशी उतरली तिला ठाऊक नाही. गाडीच्या मागच्या सीटवर पोरगी लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले, काचेवर छोट्या पंजांचे ओले ठसे. ओरडून ओरडून गप्प झालेली. मोठीबाईने तिला नळाखाली धरलं, पाणी पाजलं, छातीशी घट्ट दाबलं, आणि पहिलं वाक्य तिच्या तोंडून काय निघालं? "आईला सांगायचं नाही हं." पोरीने मान हलवली. पोरगी शहाणी, तिने कोणालाच सांगितलं नाही. आणि त्या दिवसापासून ती बापाच्या गाडीत बसताना आधी आजीकडे बघते.

"आजी, या आत," डॉक्टरीणबाई म्हणाली. उस्ताद बाहेर येत होता, हसत. "झालं सगळं. तुझंच राहिलंय," म्हणाला आणि जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला. मोठीबाई खुर्चीत ताठ बसली. काय बोलायचं ते ठरलेलं होतं, घरूनच मापून कापून आणलं होतं: झोप चांगली, भूक चांगली, राग सगळ्यांनाच येतो. डॉक्टरीणबाई घाई करत नव्हती. तिने पाण्याची भरलेली बाटली उचलली, एकदा जोरात हलवली, टेबलावर ठेवली. "बाटलीला काही झालं का?" म्हणाली. "नाही. पण आत बघा. मोठ्या स्फोटाची लाट कवटीतून अशी आरपार जाते. एकदा गेली तर पाणी शांत होतं. वर्षानुवर्षं रोज गेली, तर आतलं काही आपल्या जागी राहत नाही. फोटोत दिसेलच असं नाही. त्यासाठी लढाईच लागते असंही नाही, शिकवणाऱ्यांनाच जास्त लागतं. म्हणून घरच्यांना विचारते. यंत्राला दिसत नाही ते घरच्यांना दिसतं." "माझ्या घरात काही दिसत नाही," मोठीबाई म्हणाली. "बघायचं असेल तेव्हाच मी चष्मा लावते." डॉक्टरीणबाई हसली. खरी हसली, आणि त्यामुळे मोठीबाई थोडी सैल झाली. तेवढ्यात तिने विचारलं, अगदी साधं, "नात आहे ना तुम्हाला? तिला पाठवता त्यांच्याबरोबर गाडीतून? एकटीला?"

हो म्हणायला मोठीबाईने तोंड उघडलं. एक अक्षर. तिने त्याहून मोठं खोटं माणसांच्या तोंडावर मारलं होतं. पण हो निघेना, कारण त्या गुरुवारनंतर ठकीला तिने एकदाही त्याच्याबरोबर एकटं सोडलं नव्हतं. कधी धागा आणायचा होता, कधी बटणं, कधी शाळेत मापं द्यायची होती, दर वेळी तिने चपला घातल्या होत्या आणि गाडीत जाऊन बसली होती. ठरवून नाही. पायांनी आपलं आपण ठरवलं होतं, तोंडाला विचारलंच नव्हतं. म्हणजे आपली पोर आपण राखली. आणि ती बाकीची, पोट आत घेऊन उभी राहणारी, एक खांदा खाली असलेली, त्यांना बसमध्ये बसवायला मात्र आपण शब्द देऊन आलो. तिला दिसली ती सगळी, निळी-पांढरी, रांगेने बसच्या पायऱ्या चढताना. शेवटी एखादं मागच्या बाकावर झोपलेलं. बस रिकामी समजून कुलूप. ऊन.

"त्याला आत बोलवा," ती म्हणाली.

"तुम्ही मोकळेपणाने बोलाल म्हणून त्यांना बाहेर—"

"मी पोराच्या पाठीमागं त्याची चुगली करत नाही. करायचीच तर तोंडावर करीन. बोलवा."

तो आला, शेजारच्या खुर्चीत बसला, गुडघे जुळवून, साहेबापुढे बसतात तसा. मोठीबाईने त्याच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत सांगून टाकलं. मशीन सांगितल्या, अंधारी खोली सांगितली, चौकट धरणं सांगितलं, हिरवा दिवा सांगितला. मग म्हणाली, "आणि हा पोरीला गाडीत विसरला. उन्हात. काचा लावून. मी नसते तर पोर गेली असती. याला बस देऊ नका." मग उस्ताद बोलला, तिच्याशी नाही, डॉक्टरीणबाईशी, आणि त्याच्या आवाजात एक मऊपणा होता. "डॉक्टर, आईचं वय झालंय. हल्ली तिला असं काहीबाही वाटतं. आम्ही घरात सांभाळून घेतो. तुम्ही मनावर घेऊ नका."

मोठीबाईच्या मस्तकात जाळ झाला. वय झालंय! जिने एका हाताने मशीनचं चाक फिरवत दुसऱ्या हाताने याला मोठा केला, नवरा गेल्यावर ज्या बाईपुढे उभं राहायची कोणाची छाती झाली नाही, तिला, चारचौघांत, पोटच्या पोराने वेडी ठरवायची! "माझं वय झालं?" ती वळली. "अरे, तुझ्या बापाची छाती, तुझ्या मुंजीचा सदरा, तुझ्या पायाची नखं, सगळी मापं सांगते आत्ता, बघू कोणाचं वय—" आणि तिथेच थांबली. कारण वळली तेव्हा त्याचा चेहरा दिसला. खोटं बोलणारा उस्ताद तिला पाठ होता: खालचा ओठ दातांत धरायचा, डोळे मोठे करायचा, काच फोडली तेव्हा केले होते तसे. आता ओठ मोकळा होता. डोळ्यांत कसलाही कावा नव्हता. तो तिच्याकडे कळवळून बघत होता. त्याला खरंच वाटत होतं की आपल्या आईचं काहीतरी बिघडलंय. तिने हात पुढे केला असता तर त्याने तो थोपटला असता. तो गुरुवार त्याच्याकडे नव्हताच. तो गुरुवार जगात दोनच ठिकाणी होता, तिच्याकडे आणि त्या पोरीकडे, आणि पोरीला तिने गप्प राहायला सांगितलं होतं.

जाळ विझला, आणि विझल्यावर जे उरलं ते जाळापेक्षा वाईट होतं. तिला वाटलं आत्ता म्हणावं, हो रे, चुकलं माझं, वय झालं. पोराची मान वर राहील. गल्ली तशीच राहील. डॉक्टरीणबाई हात टेबलावर ठेवून बसली होती, दोघांकडे आळीपाळीने बघत, आणि कोणाचंही ऐकायला तयार होती. मोठीबाईने खुर्ची उचलली. सरकवली नाही, उचलली, लोखंडी पाय फरशीवर घासले तर त्याच्या कानाला लागेल म्हणून. त्याच्यासमोर ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"ऐक," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलू शकते हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "गुरुवार होता. मी कॉलर लावत होते. ठकीचं दप्तर दिसलं, ठकी दिसली नाही. मी खाली धावले. चपला नव्हत्या, फरशी तापलेली, पाय भाजत होते. गाडीपाशी गेले तर काचेवर तिचे हात उमटलेले."

"मग?" तो पुढे झुकला.

"दार उघडेना. किल्ली वर राहिली होती. मी परत जिना चढले, किल्ली घेतली, परत उतरले. किल्ली भोकात जाईना."

त्याने तिची दोन्ही मनगटं धरली. "आई, ठकी—"

"ठकी बरी आहे. सकाळी तूच तिचे बूट बांधलेस ना? तीच. मी तिला बाहेर काढलं, नळाखाली धरलं. तिला आवाजच फुटेना."

"मला हाक नाही मारलीस? तू जिना चढलीस, उतरलीस... मी असतो तर काच फोडली असती." तो तिच्या डोळ्यांत शोधत होता. पकड घट्ट होत गेली, हाडाला लागली तरी तिने हात सोडवून घेतला नाही. "मी कुठं होतो गं आई तेव्हा?"

मोठीबाईने एकदा डॉक्टरीणबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

"घरातच होतास, बाळा," ती म्हणाली. "खुर्चीत बसला होतास. मी किल्ली घ्यायला वर आले, तेव्हा माझ्याकडे बघून हसलास, आणि म्हणालास, चहात साखर कमी आहे."